मास्तरांचे स्वतःचे माप

शब-ए-बरातचा हलवा संपतो न संपतो तोच मिरजेतल्या शिंप्यांच्या दुकानांत कापडाच्या पिशव्या येऊन पडायला लागतात. ईद अजून दीड महिन्यावर असते. पण जाणत्या गिऱ्हाइकाला ठाऊक असते, की रमजानचा दुसरा आठवडा उलटला की मास्तर नवे माप घेत नाहीत. लक्ष्मी मार्केटपासून चालत पाच-सात मिनिटांवरच्या एका गाळ्यात असेच एक टेलर मास्तर गेली सत्तावीस वर्षे मशीनवर बसतात. वय एकोणपन्नास. पठाणी आणि कुर्ता-पायजमा ही त्यांची खासियत. दिवाळीत नेहरू शर्टासाठी आणि लग्नसराईत जोधपुरीसाठीही पेठेतली माणसे त्यांच्याकडेच येतात.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या रमजानला आठवडा उरला असताना, मास्तरांच्या हातात रक्ताचा एक रिपोर्ट आला. तपासणी त्यांनी स्वतः होऊन केलेली नव्हती. मुलगी डी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने महिनाभर पाठपुरावा केला, शेवटी अबोला धरला, तेव्हा कुठे अब्बा उपाशीपोटी लॅबमध्ये गेले. रिपोर्टात ट्रायग्लिसराइड्स ४६८, उपाशीपोटीची साखर ११४ आणि एचबीए१सी ६.२ असे आकडे होते. एलडीएलच्या, म्हणजे वाईट म्हणवल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या रकान्यात आकडाच नव्हता. तिथे लिहिले होते, मोजता येत नाही.

मास्तरांना सगळ्यात जास्त भीती त्या रिकाम्या रकान्याची वाटली. मोजता येत नाही इतके वाढले की काय?

तसे नव्हते. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, बाकीच्या आकड्यांवरून हिशेबाने काढतात. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की तो हिशेब विश्वासाचा राहत नाही, म्हणून प्रामाणिक लॅब तो रकाना मोकळा सोडते. पण हे त्यांना कळले ते तीन दिवसांनी, डॉक्टरांसमोर बसल्यावर. ते तीन दिवस त्यांनी घरात कोणाशी धड बोलणे केले नाही.

त्यामागे आणखी एक कारण होते. मास्तरांचे थोरले भाऊ, घरातले भाईजान, बारा वर्षांपूर्वी ‘थोडीशी साखर आहे’ एवढ्यावर डॉक्टरांकडून परतले होते. ती थोडीशी साखर त्यांनी थोडीशीच मानली. चार वर्षांपूर्वी चपलेने घासून अंगठ्याला जखम झाली. पायाला संवेदना नव्हती म्हणून ती आठवडाभर दिसलीच नाही, आणि शेवटी डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. मास्तरांना तो वॉर्ड आठवत होता, आणि ‘रोजे ठेवू नका’ हे डॉक्टरांचे वाक्यही. तपासणीला ते इतके दिवस टाळाटाळ करत होते ती त्या वाक्यामुळे. आजाराचे नाव ऐकले तर रोजे जातील, त्यापेक्षा नाव ऐकायलाच नको, असा तो हिशेब. दर शाबान महिन्यात कितीतरी घरांत हाच हिशेब मांडला जातो, आणि तो दरवेळी चुकतो.

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहिला, रक्तदाब पाहिला आणि पहिलाच प्रश्न असा विचारला, की मास्तर चक्रावले.

“तुमची कंबर किती?”

“छत्तीस,” मास्तर म्हणाले. पँट छत्तीसचीच घालतात ते.

“पँट नाही. बेंबीजवळ.”

गळ्यात टेप होतीच, ती दुकानातून येताना काढायची राहिली होती. मॅडमनी त्यांच्याच टेपने माप घेतले. साडेएकोणचाळीस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कमरा मोजणाऱ्या माणसाने स्वतःची कधी मोजलीच नव्हती. पँटचा पट्टा पोटाच्या खाली बसत गेला, म्हणून आकडा छत्तीसच राहिला एवढेच. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच ही धोक्याची रेघ धरतात.

मास्तर लठ्ठ मात्र नाहीत. हातपाय काटकुळे, खांदे उतरलेले, फक्त पोट पुढे. ही आपल्याकडची ओळखीची ठेवण आहे, आणि तिच्यावर सगळ्यात महत्त्वाचे काम आपल्या पुण्यातच झाले. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या पण आतून चरबी बाळगणाऱ्या भारतीय शरीराचा अभ्यास वर्षानुवर्षे केला. २००४ मध्ये त्यांनी आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याने ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा काट्यावरचे वजन पाहून ‘मी कुठे जाड आहे’ म्हणणाऱ्याने एकदा टेप हातात घ्यावी.

मग मॅडमनी आकडे समजावले. एचबीए१सी म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा गोषवारा. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ आणि वर मधुमेह, आणि ५.७ ते ६.४ हा मधला पट्टा. त्याला प्रीडायबेटिस म्हणतात, मराठीत मधुमेहपूर्व अवस्था. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असली तरी त्याच पट्ट्यात धरतात. मास्तर दोन्हीकडून त्यात बसत होते. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे आणि या मधल्या पट्ट्यात त्याहून जास्त, साडेतेरा कोटींच्या आसपास. म्हणजे मास्तरांच्या गाळ्यासमोरून तासाभरात जेवढी माणसे जातात त्यांतली कितीतरी याच रांगेत आहेत, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. या पट्ट्यात काही दुखत नाही की खुपत नाही.

ट्रायग्लिसराइड्स ही रक्तात फिरणारी चरबी. १५० च्या आत हवी, २०० च्या वर जास्त, ५०० च्या वर फारच जास्त. ती हृदयाच्या नळ्यांना त्रासदायक, आणि खूप वाढली तर स्वादुपिंडाला सूज आणते. पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखते, कळ पाठीत जाते, उलट्या होतात. ही सूज जिवावर बेतू शकते, आणि ते दुखणे अंगावर काढायचे नसते. आकडा हजाराच्या पुढे गेला की हा धोका मोठा. मास्तर ४६८ वर होते.

“पण मॅडम, मी तेलकट फार खात नाही,” ते म्हणाले.

हा गैरसमज मिरजेपुरता नाही. चरबी वाढली म्हणजे तूप-तेल वाढले असेल, असे सगळ्यांना वाटते. खरे तर रक्तातली ही चरबी मोठ्या प्रमाणात यकृत स्वतः तयार करते, आणि तिचा कच्चा माल असतो साखर, मैदा, पांढरा भात आणि दारू. अंगाला लागते त्याहून जास्त साखर पोटात गेली की यकृत तिची चरबी करून रक्तात सोडते. मास्तरांना दारूचा प्रश्न नव्हता. मॅडमनी चहा विचारला. दिवसाला आठ कप, प्रत्येकात दोन चमचे. मुलीने तिथल्या तिथे हिशेब केला. सोळा चमचे, म्हणजे चौसष्ट ग्रॅमच्या आसपास, महिन्याला जवळजवळ दोन किलो साखर, नुसत्या चहातून. चहाबरोबरची बिस्किटे, खारी आणि नानकटाई त्यात धरलेली नव्हती.

थायरॉइड, किडनी आणि यकृत यांच्या तपासण्या मॅडमनी आणखी सांगितल्या. थायरॉइड मंदावले तरी ट्रायग्लिसराइड्स वाढतात, काही औषधांनीही वाढतात. मूळ कारण तिथे असेल तर नुसते पथ्य करून भागत नाही. मास्तरांचे हे सगळे रिपोर्ट ठीक आले. वय, भावाचा इतिहास आणि आकडे पाहून मॅडमनी स्टॅटिनची एक गोळी रोज सुरू केली, हृदयासाठी. ट्रायग्लिसराइड्स उतरवणारी दुसरी गोळी, फेनोफायब्रेट, तूर्त दिली नाही. ती मुख्यतः ५०० च्या वर, स्वादुपिंड वाचवण्यासाठी. साखरेची मेटफॉर्मिनही लगेच नाही. तीन महिने खाणे आणि चालणे सुधारून पाहू, म्हणाल्या.

आणि मग मास्तरांनी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी ते इतके दिवस घाबरले होते.

मॅडम हिंदू आहेत, पण या शहरात प्रॅक्टिस करून त्यांना रमजानचे वेळापत्रक रोजेदारांइतकेच पाठ झाले आहे. त्या म्हणाल्या, “रोजे ठेवा की. तुम्हाला रोज्याने काही होणार नाही. व्हायचे ते इफ्तारने होईल.”

हे वाक्य मास्तर आजही गिऱ्हाइकांना ऐकवतात.

गेल्या वर्षी रोजा साधारण तेरा तासांचा होता. पहाटे साडेपाचच्या सुमाराला सहेरी बंद, संध्याकाळी पावणेसातच्या आसपास इफ्तार. तेरा तास अन्नपाणी नाही, चहा नाही, तंबाखू नाही. साखरेच्या मधल्या पट्ट्यातल्या, इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी नसलेल्या माणसाला हा काळ सहसा झेपतो. त्यानंतरच्या अर्ध्या तासात काय होते ते पाहावे. दस्तरखानावर आधी खजूर. ते सुन्नत आहे आणि ते सोडायला कोणी सांगत नाही. पण लहान खजुरात पाच-सहा ग्रॅम साखर असते आणि मोठ्या, मऊ, महागड्या मेडजूल खजुरात सोळा ग्रॅमच्या आसपास. हल्ली भेट म्हणून येणाऱ्या डब्यांत हेच मोठे खजूर असतात आणि हात एकावर थांबत नाही. मग लाल सरबताचे दोन ग्लास. मग भजी, समोसे, कटलेट, कालच्याच तेलात तळलेले. मग कापलेली फळे, त्यांवर पुन्हा साखर. मगरीबची नमाज पढून आल्यावर खरे जेवण, बिर्याणी किंवा खिचडा आणि पाव. तरावीहनंतर फिरनी. रात्री अकराला चहा. महिनाभर उपाशी राहून माणसाचे वजन वाढते ते असे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली त्याने रमजानची संध्याकाळ पाहिली नसेल, पण माणूस नक्की पाहिला होता.

मास्तरांच्या शेजारच्या गाळ्यात बटणे, अस्तर आणि दोऱ्याच्या रिळांचे दुकान आहे. दुकानदाराला सगळे अण्णा म्हणतात. हा प्रसंग ऐकून अण्णा हसले आणि म्हणाले, “मास्तर, आमच्या साबुदाण्याला नावं ठेवायला तुम्ही मोकळे झालात.” साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, हे त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते. अण्णांचे एचबीए१सी ६.०. दोघे वीस वर्षे शेजारी बसतात, एका किटलीतला चहा पितात, आणि दोघांचे रिपोर्ट एकाच पट्ट्यात निघाले, यात नवल ते काय?

मास्तरांच्या घरी मग भाभींनी सूत्रे हातात घेतली. खरे तर पुरुषाच्या पथ्याचे लेख छापून येतात आणि पथ्य सांभाळते बाई, हे या पानावरही मान्य करायला हरकत नाही. पहाटे तीन वाजता उठून कोण उभे राहते? भाभींनी बंदी घातली नाही. बंदी घातलेला माणूस बाहेर खातो, हे त्यांना भाईजानांच्या घरात दिसले होते. त्यांनी क्रम बदलला आणि मापे बदलली. लहान खजूर, दोन. सरबताऐवजी सब्जा घातलेले लिंबूपाणी, मीठ टाकून, साखर नाही. पहिले चार रोजे मास्तरांनी ते तोंड वाकडे करून प्यायले. तळण आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, आणि तेल ताजे. बाकीच्या दिवशी हरभऱ्याची किंवा मटकीची उसळ, वर कांदा-टोमॅटो. फळ अख्खे, रस नाही. नमाजनंतर जेवणात आधी भाजी-सालन, मग भाकरी, भात वाटीभर. बांगडा मिळाला तर आठवड्यातून दोनदा, तळलेला नव्हे, सालनात.

सगळ्यात मोठा बदल सहेरीत झाला. या घरात सहेरी म्हणजे दुधातल्या शेवया किंवा चहा-पाव. गोड, मऊ, झटपट, आणि सकाळी दहाला पुन्हा भूक. भाभींनी शाळूची भाकरी काढली. सांगली-मिरजेचा हा मुलूख ज्वारीचा, आणि रमजानमध्ये मात्र ज्वारी घरात कोपऱ्यात पडून असते. रात्री करून ठेवलेली भाकरी, डाळ किंवा अंडे, वाटीभर दही, दोन ग्लास पाणी. ही सहेरी पोटात सावकाश उतरते. मास्तर म्हणतात, दुपारी तीनची ती डोके जड होण्याची वेळ येईनाशी झाली. सहेरी बुडवून झोपून राहणाऱ्या पोरांना ते आता रागे भरतात. मधुमेह असलेल्याने तर सहेरी बुडवूच नये, ती शेवटच्या वेळेच्या जवळ करावी, असे डॉक्टरही सांगतात.

अडचण निघाली ती धंद्यातून. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत शिंप्याची रात्र होत नाही. तरावीहवरून आल्यावर मशीन सुरू, ते सहेरीपर्यंत. झोप नसली की साखर आवरत नाही, भूक वाढते आणि हात गोडाकडे जातो, हे वैद्यकशास्त्र सांगते, आणि मास्तरांना ते शास्त्राशिवायही कळत होते. विसाव्या रोज्याला रात्री दोन वाजता त्यांनी बिनसाखरेचा चहा बाजूला ठेवला आणि कारागीर पोराला बाहेर पाठवून दोन ‘पेशल’ मागवले. दोन्ही स्वतः प्यायले. पुढचे तीन दिवस तेच. ही गोष्ट त्यांनी मुलीला ईदनंतर सांगितली. त्यांचे वजन तोपर्यंत अडीच किलो उतरले होते, त्यातले एक चांदरातीपर्यंत परत आले.

चालण्याचे काय? रोज्यात दुपारी उन्हात व्यायाम करायचा नसतो, पाणी नसल्यामुळे. पण तरावीह आहे. वीस रकात म्हणजे तासभर उभे राहणे, वाकणे, बसणे, उठणे. रमजान आणि मधुमेह यांवर तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने काढलेल्या सूचनांतही तरावीह व्यायामात धरावी असे म्हटले आहे. मास्तर पूर्वी गल्लीतल्या मशिदीत जात. गेल्या वर्षी ते दूरच्या मशिदीत जाऊ लागले, जाऊन-येऊन अर्धा तास. परतीच्या वाटेवर गणेश तलावाजवळ अण्णा गाठ पडत, रात्रीचे जेवण उरकून शतपावलीला आलेले. सुरुवातीला योगायोगाने, नंतर ठरवून.

अर्ध्या तासाच्या चालण्याने काय होणार, असे वाटते खरे. पण चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी अशाच मधल्या पट्ट्यातल्या भारतीयांना तीन वर्षे पाहिले. त्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. खाण्यात बदल आणि रोजचे अर्ध्या तासाचे चालणे यांनी मधुमेह होण्याची शक्यता २८.५ टक्क्यांनी घटली, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात तर वजन सात टक्के उतरवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे हालचाल यांनी ५८ टक्के घट दिसली, गोळीने ३१ टक्के. म्हणजे या टप्प्यावर पाय गोळीला हार जात नाहीत. गोळी वाईट असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्याला डॉक्टरांनी दिली त्याने ती घ्यायचीच. मास्तर स्टॅटिनची गोळी इफ्तारनंतर घेत. त्यांच्या गोळीला दिवसातली ठराविक वेळ नव्हती, म्हणून वेळ बदलायला अडचण आली नाही, पण तीही त्यांनी विचारून बदलली. दुकानात येणारा एक जण त्यांना मेथी-जांभळाचे चूर्ण देऊन गेला, ‘गोळी सोडा, हे घ्या’ म्हणून. ते चूर्ण भाभींनी डब्यात तसेच ठेवले आहे.

आता भाईजानांबद्दल. त्यांचे प्रकरण वेगळे आहे, आणि मास्तरांचे वाचून कोणी भाईजानांसारख्याने रोजा ठेवू नये म्हणून ते सांगायला हवे. भाईजान दिवसातून दोनदा इन्सुलिन घेतात. २०२२ आणि २०२३, दोन्ही वर्षी त्यांनी घरच्यांपासून लपवून रोजे ठेवले. दुसऱ्या वर्षी अकराव्या रोज्याला असरच्या सुमाराला ते ओट्यावर घामाने भिजून, तोंडातून शब्द न फुटता बसलेले सापडले. साखर ४४. सुनेने ओठांवर साखरेचे पाणी लावले तर त्यांनी तोंड फिरवले, रोजा तुटेल म्हणून. तशा अवस्थेतही. नशिबाने मास्तर तिथे होते.

तेरा देशांतल्या बारा हजारांहून जास्त मधुमेही मुस्लिमांची पाहणी २००१ मध्ये झाली होती. रोज्यांच्या महिन्यात साखर एकदम खूप उतरण्याचे प्रकार टाइप २ मध्ये साडेसात पटींनी वाढलेले दिसले. म्हणून डॉक्टर रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी या म्हणतात. मधुमेह किती जुना, औषध कोणते, किडनी कशी, पूर्वी साखर उतरली होती का, हे पाहून ते धोक्याचा अंदाज घेतात आणि काहींच्या औषधांचे डोस बदलतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा असतो. आणि बोटाला सुई टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही. ही गोष्ट उलेमांनी पुनःपुन्हा सांगितली आहे, तरी मोहल्ल्यात उलटेच ऐकू येते.

भाईजानांना डॉक्टर पटवू शकले नाहीत. पटवले ते मशिदीच्या इमामसाहेबांनी. ते घरी येऊन चटईवर त्यांच्याशेजारी बसले. आजारी आणि प्रवासी यांना रोज्यातून सूट कुराणातच दिलेली आहे, ती काही माणसांनी नंतर शोधलेली पळवाट नव्हे, असे त्यांनी सांगितले. बरा होण्याची आशा असलेल्याने राहिलेले रोजे पुढे भरून काढायचे. ज्याचा आजार कायमचा आहे त्याने फिदया द्यायचा, म्हणजे दर रोज्यामागे एका गरिबाला दोन वेळचे जेवण. भाईजान बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, “सगळे इफ्तारला बसतील तेव्हा मी कुठे बसू?”

याचे उत्तर वैद्यकशास्त्राकडे नाही. इमामसाहेब म्हणाले, “सगळ्यांच्या मध्ये.” गेल्या वर्षीपासून भाईजान इफ्तारच्या दस्तरखानाची मांडामांड करतात, अजान झाली की पहिला खजूर धाकट्या भावाच्या हातावर ठेवतात. दुपारी जेवतात ते आतल्या खोलीत, दार लावून. घरात लहान मुले आहेत म्हणून, असे ते म्हणतात.

गेल्या वर्षी गुढीपाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ ला. म्हणजे आदल्या दिवशी अण्णांकडून श्रीखंडाचे पातेले आले आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांकडून शीरखुर्मा गेला. पथ्याच्या दृष्टीने यापेक्षा वाईट जोडी कॅलेंडरात शोधून सापडणार नाही. भाभींनी शीरखुर्म्यात साखर निम्म्याने कमी केली, खजुराची गोडी येतेच म्हणून, आणि वाट्या बदलल्या. लग्नातल्या मोठ्या वाट्या वर ठेवून चहाच्या कपाएवढ्या लहान काढल्या. पाहुण्यांतल्या एकानेही साखरेचे विचारले नाही. वाट्यांचे मात्र दोघी-तिघींनी विचारले.

ईदनंतर पंधरवड्याने पुन्हा रक्त दिले. ट्रायग्लिसराइड्स २३८. एलडीएलच्या रकान्यात आता आकडा होता, ८४. गोळीचा आणि भाकरीचा यात वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. एचबीए१सी त्या वेळी मॅडमनी करू दिले नाही. तीन महिन्यांचा हिशेब असतो तो, महिन्याभरात बघून निराश व्हाल, म्हणाल्या. मेअखेर केले तेव्हा ६.० निघाले. ६.२ वरून ६.० म्हणजे मास्तरांना फार वाटले नाही. मॅडमना वाटले. त्यांनी मेटफॉर्मिन आणखी पुढे ढकलली.

भाभींचीही तपासणी त्याच वेळी झाली, मुलीच्याच आग्रहाने. त्यांचे एचबीए१सी ५.९ आले, पण हिमोग्लोबिनही ९.४ निघाले. अंगात लोह कमी असले की एचबीए१सी खरे असते त्यापेक्षा जास्त दाखवू शकते, म्हणून आधी लोहाच्या गोळ्या आणि मग पुन्हा तपासणी असे ठरले. नवऱ्याच्या भाकरीकडे लक्ष देता देता त्यांचे स्वतःचे सहेरीचे ताट कित्येकदा उभ्या उभ्या उरकलेले होते, हे तेव्हा घरात पहिल्यांदा बोलले गेले. या वर्षी सहेरीला मुलगी आणि कारागीर पोरगा ताटे लावतात आणि भाभी आधी बसतात.

अण्णांचे सहामाही रक्त मेमध्ये द्यायचे होते. ते आमरसाचे दिवस संपेपर्यंत लांबले, आषाढात दिले, आणि आकडा ६.१ आला. तेव्हापासून दोन्ही गाळ्यांची मिळून येणारी किटली बिनसाखरेची असते. ज्याला हवी त्याने पुडीतून घ्यावी. पहिल्या आठवड्यात पुडी रोज संपायची.

यंदा शब-ए-बरात झाल्यावर मास्तर न सांगता लॅबमध्ये जाऊन आले. ट्रायग्लिसराइड्स १९६. हिवाळ्यात लग्नसराईची जेवणे झाली, त्यात थोडे चढले असावे, असा त्यांचा अंदाज आहे. गोळी चालू आहे. भाईजानांच्या फिदयाचे पैसे पहिल्या रोज्यालाच पोहोचले. चंद्र दिसला त्या रात्री दुकान बंद करताना मुलीने गळ्यातली टेप ओढून घेतली आणि बेंबीजवळ लावली. सदतीस. मास्तरांनी मापाच्या वहीत गिऱ्हाइकांच्या नावांखाली तो आकडा लिहिला, तारीख घातली, आणि दिवा मालवला.